मोकळंच हाय, साहेब

अन्याय झाला तो सोनाबाईवर. सोनाबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. झाला तो मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. मिनिटांसकट सांगते, कारण त्या वेळी माझ्या हातात वेळ लिहायचा कागद होता, गळ्यात शिट्टी होती, आणि अंगात पोपटी रंगाचा टी-शर्ट होता, ज्याच्या पाठीवर ‘स्वयंसेवक’ असं छापलेलं होतं. पहिली सायकल आत्याच्या पेऱ्यात शिरली ती वेळ मीच माझ्या अक्षरात लिहिली. तेव्हा हे प्रकरण वाचताना गुन्हेगार शोधायची घाई करू नका. पुष्कळ आहेत, आणि त्यातली एक तुमच्याशी बोलतेय.

मी अजून तिशीला टेकलेले नाही आणि आठवणी लिहायला बसलेय, याचं ज्यांना हसू येतं त्यांनी खुशाल हसावं. आजवर मी पत्रकंच लिहिली. मोर्चाची, उपोषणाची, तहसील कचेरीसमोर वाटायची. एका कागदात बसेल तेवढंच लिहायचं, पाचव्या ओळीला मागणी आली पाहिजे, अशी सवय लागलीय हाताला. पण आत्याची गोष्ट एका कागदात बसवायचा प्रयत्न मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा आत्या बाहेरच राहिली, नुसती मागणी उरली. म्हणून आता सावकाश लिहितेय.

आमचं गाव भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या डोंगराच्या पायथ्याला, धरणाच्या अगदी काठावर. आजोबांची भातखाचरं पाण्याखाली गेली तेव्हा घर वर सरकलं, एवढंच. वडील टेम्पो चालवायचे, पहाटे भाजी भरून शिवऱ्याला हायवेवर न्यायचे. आई घरचं आणि दोन म्हशींचं बघायची. आणि आत्या. आत्याला दिली होती आंबवड्याच्या बाजूला. नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा ही एक पत्र्याची पेटी आणि एक खुरपं घेऊन एसटीनं माघारी आली. पेटी माळ्यावर गेली, खुरपं मात्र कायम तिच्या कमरेला. ती आमच्याकडं राहायला आली तेव्हा मी बालवाडीत होते, म्हणजे माझं सगळं मोठं होणं तिच्या खोकल्याच्या, तिच्या खुरप्याच्या आवाजात झालं. घरात सकाळी तांदळाच्या भाकरीचा वास असायचा, तव्यावर सुकट परतल्याचा ठसका असायचा, आणि खालून पाण्याकाठच्या टिटव्या एकमेकींशी भांडत असायच्या. आत्या टिटव्यांना उत्तरं द्यायची. “व्हय गं व्हय, कळलं, तुझीच हाय समदी जिमीन,” असं.

थंडीत ती मला पहाटे उठवून दुसऱ्यांच्या हरभऱ्यात न्यायची. झाडांवर पातळ धडपं पसरायचं, दवानं भिजलं की वाटीत पिळायचं. ते आंबट पाणी म्हणजे आंब. पोटात दुखलं की चमचाभर. मालकीण हटकायची, “सोने, झाडं मोडू नको गं.” आत्या म्हणायची, “मोडीन कशाला बया, मला मेलीला हरभरा कुठं हाय मोडायला?” ती हसत म्हणायची, आणि मलाही ते विनोदच वाटायचे. आता कळतं, चाळीस ओलांडलेली बाई दुसऱ्याच्या रानात वाकून आपल्या भाचीसाठी वाटीभर आंब मागते, तेव्हा तिला काय पाहिजे असतं ते.

तिला पट्टा पाहिजे होता. दिवाळीनंतर धरणाचं पाणी उतरायला लागतं आणि काठाला काळा, लोण्यासारखा गाळ उघडा पडतो. त्याला आम्ही गाळपेर म्हणतो. नांगर नको, खत नको. ओलीवर हरभरा टोकायचा, झालं. ज्यांची जमीन बुडाली त्या घरांनी हा गाळ वाटून घ्यायचा अशी गावाची रीत आहे. दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी देवळात चिठ्ठ्या निघतात आणि ज्याच्या नावाला जो पट्टा येईल तो त्याचा, त्या सालापुरता. चिठ्ठी घराच्या नावाची, आणि घर म्हणजे पुरुष. आमची वडिलांच्या नावानं पडायची, आणि टेम्पोपायी ते तो पट्टा दुसऱ्याला वाट्यानं देऊन टाकायचे. माघारी आलेली बहीण ही घरात मोजत नाहीत. आत्यानं बारा वर्षं दर दसऱ्याला देवळाच्या पायरीवर उभं राहून आपलं नाव घाला म्हणून सांगितलं. तेराव्या वर्षी गावातले वडीलधारे नामदेवतात्या, जे चिठ्ठ्या काढायचे, ते कंटाळून म्हणाले, “द्या रं तिला यकदा. रस्त्याकडंचा शेवटचा पट्टा द्या. यक साल. हरभरा घरात आणला तर पुढच्या टायमाला तिची चिठ्ठी कायमची पडंल. न्हाई आणला तर पुन्यांदा हितं उभी ऱ्हायची न्हाईस, सोने. कबूल?”

“कबूल,” आत्या म्हणाली. मागून कोणीतरी म्हणालं, “बाईच्या हाताला गाळ लागतूय व्हय!” सगळे हसले. आत्याही हसली. तिचं हसणं मला कधीच आवडलं नाही.

तिनं तो पट्टा कसा पेरला ते मी बघितलंय. गाळात पाय गुडघाभर जातो, म्हणून एक जुनी दाराची फळी टाकायची, तिच्यावर उकिडवं बसायचं, समोर बोटानं भोक, भोकात दोन दाणे, वरून अंगठ्यानं गाळ सारायचा. मग फळी मागं ओढायची. सगळं उलटं चालत. पेरलेल्यावर पाय पडता कामा नये. ओला गाळ एकदा दाबला गेला की उन्हानं विटेसारखा होतो आणि खालचा कोंब डोकं आपटून मरतो. म्हणून गावाचा नियम असा की टोकलेल्या गाळात आठ दिवस मालकानंही उतरायचं नाही. जनावर शिरलं तरी काठावरून दगड मारायचा. तीन दिवस आत्या उलटी चालली. संपलं तेव्हा पट्टा कसा दिसत होता? रिकामा. सपाट, काळा, चकचकीत. पेरला आहे हे फक्त आम्हाला दिसतं.

आणि आम्ही ते सांगत नाही. हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथंच फसलं. गाळ पेरायला परवानगीचा कागद लागतो. तो कागद वरून येईपर्यंत ओल उडून जाते. म्हणून गाव आधी पेरतं आणि कागदाची वाट नंतर बघतं. मधल्या काळात कोणीही पँट-बूटवाला माणूस काठावर येऊन विचारायला लागला, “काय रे, इथं पेरलंय का?” तर लहानथोर सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं. “मोकळंच हाय, साहेब.” आम्हाला पाढ्यांच्या आधी हे शिकवलेलं असतं. मी पाच वर्षांची असताना जीपमधून उतरलेल्या एका माणसाला हे सांगितलं होतं, आणि आत्यानं घरी येऊन मला गूळ दिला होता.

आता सायकलवाले. संस्था पुण्याची. नाव लिहीत नाही, कारण नाव छापलं की त्यांना जाहिरात झाल्यासारखं वाटतं. त्यांनी आमच्या कॉलेजात, भोरला, स्वयंसेवक पाहिजेत म्हणून सांगितलं आणि मी हात वर केला. टी-शर्ट मिळणार होता, प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि खरं सांगायचं तर शहरातल्या लोकांनी मला नावानं हाक मारावी असं वाटत होतं. त्यांचा म्होरक्या होता, त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. कशाचा कॅप्टन, कोण जाणे. त्यानं आम्हाला समजावलं की ही शर्यत नाही, ‘अनुभव’ आहे. तलावाकाठची सोपी, सपाट वाट, लहान मुलांपासून आजोबांपर्यंत कुणालाही जमेल अशी. धरणाला तो तलाव म्हणत होता. ज्याच्या खाली माझ्या आजोबांची विहीर आहे त्याला तलाव. मी दुरुस्त केलं नाही. वहीत ‘तलाव’ असं लिहून घेतलं.

या लोकांबद्दल मला आज काय वाटतं ते लपवत नाही. जो माणूस सोसायटीच्या जिन्यानं दोन मजले चढत नाही, तो हायवेनं गाडी चालवत येतो, गाडीच्या बोच्याला सायकल बांधलेली. शिवऱ्याला मिसळ खातो, मार्गासनीला चहा पितो, आणि मग चटईएवढ्या सपाट रस्त्यावर तासभर पाय हलवून घरी जाऊन सांगतो की मी सह्याद्री अनुभवला. डोक्याला शिरस्त्राण, गुडघ्याला ढाली, डोळ्याला गॉगल. कशापासून संरक्षण, म्हशींपासून? आमच्या वाड्यावस्त्यांवरचे पोस्टमन चाळीस वर्षं सायकल डोंगरावर चढवत होते, त्यांना कोणी पदक घातलं नाही. सायकल वाईट नाही. मीही दहावीपर्यंत शाळेला सायकलनंच गेले. पण सायकलवर बसलं की आपण धुतल्या तांदळासारखे, आपल्या हातून निसर्गाचं वाकडं होऊच शकत नाही, ही जी त्यांच्या चेहऱ्यावरची शांती असते ना, ती बघितली की माझं डोकं फिरतं.

त्या रविवारी ठरलेली वाट वरच्या बैलगाडीच्या रस्त्यानं होती. सकाळी आठ वाजून गेल्यावर कॅप्टन बघून आला आणि कपाळाला हात लावला. रस्त्यावर बाभळीचे काटे. “सगळ्यांच्या ट्यूब फुटतील यार,” म्हणाला. मग त्याची नजर खाली गेली. पाण्याच्या कडेनं काळा, सपाट, चकचकीत पट्टा. वर थंडीनं पापुद्रा धरलेला, सायकल पेलण्याइतका. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, “ताई, हे खाली काय आहे? काही पेरलंबिरलंय का?”

मी त्याच्याकडं बघितलं. पँट, बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. आणि माझ्या तोंडातून निघालं, “मोकळंच आहे, सर.”

मी विचार करून खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. मी बोललेच नाही, माझी जीभ बोलली. त्यानं हातातला वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि काट्यांपुरता, त्या एका पट्ट्यातून, मार्ग खाली वळवला. मला दोन मिनिटं काही कळलंच नाही. कळलं तेव्हा पहिला सायकलवाला वळणावरून पट्ट्यात शिरत होता आणि मी सवयीनं कागदावर लिहिलं, आठ दहा. मग ओरडायला लागले. शिट्टी वाजवली. त्यांना वाटलं, मी उत्साह वाढवतेय.

शंभरेक सायकली असतील. टकटकटकटक असा चाकांचा आवाज करत एकामागं एक पट्ट्यात उतरल्या. कोणी सरळ जाईना. गाळ मऊ लागला की बाजूनं, तिथं मऊ लागलं की आणखी बाजूनं, असा त्यांनी सगळा पट्टा घेतला. काही घसरून पडले आणि हसत बसले. काहींनी उतरून ढकलत नेल्या. एक जोडपं मधोमध उभं राहून फोटो काढत होतं. आणि वरून आत्या पळत आली. डोक्यावरचा पदर पडलेला, हात वर. बांधाशी आली आणि थांबली.

ती आत गेली नाही. जाऊच शकत नव्हती. टोकलेल्या गाळात मालकानंही पाय ठेवायचा नाही. तिच्यासमोर शंभर माणसं तिचं साल तुडवत होती आणि ती बाई काठावर उभी राहून, आपल्या पायानं एक दाणा मरू नये म्हणून, जागची हलत नव्हती. नुसते हात हलवत होती. “आरं पेरलंय रं! आरं भाईर व्हा रं बाबांनो, पेरलंय!” वाऱ्यात काय ऐकू जाणार? एक जण हात हलवत गेला, “हाय आजी!” दुसरा ओरडला, “आजी, टाळ्या!” तिसऱ्यानं मोबाईल काढून तिचा फोटो घेतला.

कॅप्टन भेटला तेव्हा आत्या त्याला म्हणाली, “साहेब, माजं साल गेलं.” तो खरोखर गोंधळला. म्हणाला, “पण मावशी, या ताईंनीच सांगितलं की मोकळं आहे.” आणि माझ्याकडं बोट. आत्या माझ्याकडं बघायला लागली. मी टी-शर्टाची कड मुठीत धरून उभी. मग त्यानं आपल्या पिशवीतून एक पदक काढलं, रिबिनीचं, सगळ्या सायकलवाल्यांना देत होते ते, आणि आत्याच्या गळ्यात घातलं. “आमच्याकडून मावशी, गावाच्या प्रेमाबद्दल.” हा माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर मला एवढी किळस आली नसती.

दुपारी जेवायला बसलो. आईनं मला वाढलं, पण ताट माझ्यापुढं सरकवलं नाही. शेवटी आत्याच म्हणाली, “पोरीला खाऊ द्या. तिला आमीच शिकीवलं तसं बोलायला. म्याच गूळ दिला हुता.” मला शिव्या घातल्या असत्या तर मी रडले असते. त्या वाक्यानंतर रडायचीही सोय राहिली नाही.

आठव्या दिवशी शेजारच्या पट्ट्यांवर हिरवी लव दिसायला लागली. आत्याच्या पट्ट्याला पांढरट भेगा पडल्या. कडेकडेला मूठभर कोंब आले, तेवढेच. ती रोज खुरप्याच्या टोकानं एकेक ढेकूळ उचलून बघायची. खाली दाणा फुटलेला असायचा, कोंब वाकून पुन्हा खाली गेलेला. पुन्हा टोकावं तर ओल उरली नव्हती. माघात गुरं फिरली आणि चाकांच्या खुणाही गेल्या.

पुढच्या दसऱ्यानंतर देवळात बसले सगळे. मी उभी राहिले. बाईनं देवळात उभं राहून बोलायचं नसतं, बोलले. झालं ते सगळं सांगितलं, माझ्या उत्तरासकट. नामदेवतात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू तिची भाची. तू न्हाई बोलणार तर कोण? आगं पण सायकल म्हंजी काय रणगाडा हाय का? दोन बोटाच्या चाकानं आख्खा पट्टा बसतूय?” आणि मग त्यांच्या लेकानं मोबाईल काढला. सायकलवाल्यांच्या पानावरचा फोटो. आत्या, हात वर, तोंड उघडं. खाली लिहिलेलं, ‘गावकऱ्यांचं उत्स्फूर्त स्वागत!’

मोबाईल हातोहात फिरला. “ही तर नाचतीया की!” कोणीतरी म्हणालं. “सोने, पेऱ्यावरनं सायकली चालल्या आन तू नाचत हुतीस व्हय? गळ्यात बिल्ला घालून घेतलास म्हणं.” हशा. आत्या या खेपेला हसली नाही. “म्या नाचत न्हवते, तात्या,” एवढंच म्हणाली. दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. तिची चिठ्ठी पडली नाही.

त्यानंतर मी कॅप्टनला सहा पत्रं लिहिली. एकाच पत्राचं उत्तर आलं. आम्ही स्थानिकांचा आणि निसर्गाचा मनापासून आदर करतो, असं. फोटो अजून तिथंच आहे, त्याच ओळीसकट. माझा संताप इथूनच पत्रकांत गेला आणि पत्रकांनी मला माणसं मिळवून दिली, हे खरं. लोक म्हणतात, तुझ्या आयुष्याला त्या दिवसानं दिशा दिली. माझ्या दिशेसाठी आत्याचं साल खर्च करायला मी कोणाला सांगितलं नव्हतं. ती आता साठीकडं आलीय. गुडघे गेलेत, फळीवर उकिडवं बसता येत नाही, तरी तिला तिची चिठ्ठी पाहिजे आहे. पेरणार कोण, हा तिचा प्रश्न. मी पेरीन.

गाव माझं ऐकणार नाही, कारण मी भाची. आत्याचं ऐकणार नाही, कारण ती बाई. गाव तुमचं ऐकेल. तुम्ही परके आहात, शहरातले आहात, तुम्हाला खोटं बोलून काही मिळणार नाही, एवढ्याच कारणासाठी ऐकेल, आणि हे लिहिताना मला गावाचीही तेवढीच चीड येते. तेव्हा तुम्ही, जे त्या रविवारी पोपटी टी-शर्टवाल्या मुलीसमोरून गाळात उतरलात, ज्यांनी ‘हाय आजी’ म्हटलं, ज्यांनी तो फोटो काढला, ज्यांच्या कपाटात ते पदक अजून लटकतंय, ते तुम्ही हे वाचत असाल, आणि तुमच्यासारखीच माणसं पुस्तकं वाचतात, तर मला पत्र लिहू नका, फोटोखालची ओळ बदलू नका, माफी मागू नका. येत्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी, एसटीनं आमच्या गावात उतरा. देवळात या, चपला पायरीवर काढा, आणि चिठ्ठ्या काढायच्या आधी सगळ्यांसमोर उभं राहून सांगा: “पेरा मी तुडवला. ही बाई नाचत नव्हती.”

या.